काळ्या टोपीची गोष्ट: लोकर, लाख आणि आपली जयणा



जुन्या घराचा माळा आवरायला काढला की तीन वस्तू हमखास निघतात. पितळी डबे, लग्नाचा काळा-पांढरा फोटो आणि एक काळी फेल्टची टोपी. डब्यांना गिऱ्हाईक मिळते. फोटो कोणीतरी मोबाइलवर काढून घेते. टोपीचे काय करायचे हे मात्र कोणालाच कळत नाही. बोहारीण ती घेत नाही. धुवायला टाकली तर आखडते. तशीच ठेवली तर एका पावसाळ्यात बुरशी येते आणि पुढे कसर लागते. टाकून द्यावी तर सासूबाई म्हणतात, "अगं, मामंजींची आहे ती!"

पाम, बोईसर, तारापूर, पालघर या आपल्या पट्ट्यात बहुतेक जैन घरे बाहेरून आलेली. कोणी व्यापाराच्या निमित्ताने राजस्थान-गुजरातेतून, कोणी नगर-पुण्याकडून, कोणी कोल्हापूर-सांगलीकडून एमआयडीसीतल्या नोकरीसाठी. येताना ट्रंकेत टोपीही आली. शिवाय आता परदेशी गेलेली मुले कधी जुन्या बाजारातून घेतलेली फेल्टची हॅट आणतात आणि "आई, जरा नीट करून दे ना" म्हणून आपल्या हातात ठेवतात.

ती नीट कशी करायची ते शेवटी सांगतेच. पण आधी तिचा इतिहास. दुरुस्ती करताना कुठे हात लावायचा आणि कुठे मुळीच लावायचा नाही, हे त्या इतिहासावरूनच ठरते.

फेल्ट म्हणजे काय?

आपण नेसतो ते कापड विणलेले असते. त्याला ताणा-बाणा असतो, उभा धागा आणि आडवा धागा. फेल्टला यातले काहीच नाही. लोकरीच्या प्रत्येक तंतूवर बारीक खवले असतात. गरम पाणी, साबण आणि दाब मिळाला की हे खवले एकमेकांत अडकत जातात आणि तंतूंचा दाट थर बनतो. एकदा बसलेला हा थर पुन्हा सुटत नाही. स्वेटर चुकून गरम पाण्यात धुतला की आखडून जाड होतो ना, तीच ही क्रिया. टोपीवाल्याने ती मुद्दाम आणि मापात केलेली असते.

यातून दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. ताणा-बाणा नसल्यामुळे फेल्ट कुठेही कापले तरी धागे सुटत नाहीत, काठ दुमडून शिवावा लागत नाही. आणि गरम पाणी व चोळणे यांनीच ते घडले असल्यामुळे पुन्हा गरम पाण्यात घालून चोळले की ते आणखी आवळते. म्हणून ही टोपी धुता येत नाही.

ही विद्या फार जुनी आहे. मध्य आशियातले भटके लोक तंबू, खोगिराखालचे जाड आसन आणि टोप्या फेल्टच्याच करत. काश्मीरचा नमदा हा फेल्टच. आपल्या मराठीतही अशा दाबून केलेल्या लोकरीच्या जाड कांबळ्याला 'बुरणूस' असा शब्द होता. घोंगडी वेगळी, ती मागावर विणलेली असते.

लोकर आपल्या धर्माला परकी नाही, हेही इथे आठवावे. आपल्या साधू-साध्वींचा ओघा लोकरीचा असतो. सामायिकाला आपण बसतो ते कटासणेही लोकरीचे. लोकर मऊ असते, बारीक जीवाला तिच्या स्पर्शाने इजा कमी होते, हा त्यामागचा विचार. (दिगंबर परंपरेत हेच काम मोरपिच्छी करते.) मेंढी जिवंत राहते आणि लोकर कातरून घेता येते. म्हणजे नुसते 'लोकर' म्हटल्याने टोपी निषिद्ध होत नाही. खरी अडचण वेगळ्याच ठिकाणी आहे, तिच्याकडे येऊच.

पगडी उतरली, टोपी चढली

लोकमान्य टिळक आणि नामदार गोखले यांचा फोटो डोळ्यांपुढे आणा. दोघांच्याही डोक्यावर पगडी. जातीप्रमाणे, गावाप्रमाणे, धंद्याप्रमाणे पगडीचा घाट बदले. आपल्या मारवाडी-ओसवाल घरांची पगडी वेगळी, गुजराती वाण्याची वेगळी, दक्षिणेकडच्या जैन पाटलाचा फेटा-पटका वेगळा. डोक्याकडे पाहिले की माणूस कोण ते कळे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शाळा, कचेऱ्या आणि आगगाड्या यांनी हे बदलायला घेतले. पगडी जड, महाग, बांधायला कसबी माणूस हवा. टोपी हलकी, तयार मिळणारी. महाराष्ट्रातल्या शहरी माणसाने काळी टोपी उचलली. वकील, मास्तर, कारकून, दुकानदार सगळ्यांच्या डोक्यावर ती दिसू लागली. बालगंधर्वांचे पुरुषवेशातले फोटो पाहा, सावरकरांचे पाहा, काळी टोपी आहेच. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाची आधीची खाकी टोपीही १९३० मध्ये काळी झाली. पण तिला कोणा एका पक्षाचीच टोपी समजणे बरोबर नाही. त्याआधीपासून ती साध्या पांढरपेशा घरांची टोपी होती.

या टोप्यांमध्ये फेल्टच्या टोप्या बाहेरून येत. आपल्याकडे त्यांना चक्क 'हंगेरियन' टोप्या म्हणत. हे नाव आपल्याला कळते ते एका गमतीशीर ठिकाणाहून.

बापूंनी टोपी कशी निवडली

काकासाहेब कालेलकर यांचा जन्म साताऱ्याचा. त्यांनी गांधीजींच्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत. त्यात पांढऱ्या टोपीचा जन्म बापूंच्याच तोंडून सांगितलेला आहे. साल साधारण १९१९-२०. देशातल्या माणसाने डोक्यावर काय घालावे याचा विचार बापू एखाद्या काटकसरी गृहिणीसारखा करतात. पंजाबी फेट्याला वारेच्या वारे कापड लागते.  महाराष्ट्रातल्या हंगेरियन टोप्या त्या मानाने बऱ्या, पण त्या फेल्टच्या. उत्तर प्रदेश-बिहारकडची टोपी अगदीच पातळ. मग त्यांची नजर काश्मिरी टोपीवर गेली. हलकी, शिवायला सोपी, घडी करून खिशात ठेवता येणारी. ती लोकरीची होती, त्यांनी सुती करायची ठरवली.

रंगाचा विचार करताना त्यांनी जे म्हटले ते मला फार महत्त्वाचे वाटते.  पांढरीवर मळ लगेच दिसतो, म्हणून ती वरचेवर धुवावी लागते आणि माणूस स्वच्छ राहतो. म्हणून पांढरी.

सख्यांनो, युक्तिवाद अगदी बिनतोड आहे. पण आपण बायकांनी त्यात एक ओळ भरायला हवी. धुवावी लागते, ती कोण धुणार? काळी फेल्टची टोपी वर्षानुवर्षे खुंटीवर राहायची, कधीमधी तिच्यावरून कपडा फिरवला की झाले. पांढरी टोपी आली तशी घरात रोजच्या धुण्यात भर पडली. पाणी भरा, गाळा, तांदळाची खळ करा, टोपीला खळ द्या, वाळवा, कोळशाची इस्त्री फिरवा आणि कडक घडी करून ठेवा. बाहेर सभेत ती टोपी शुभ्र दिसली, त्याच्या मागे घरातल्या कोणाचे तरी हात होते. स्वराज्याच्या इतिहासात चरखा चालवणाऱ्या बायका येतात, आणि आल्याच पाहिजेत. खळ देणाऱ्या बायका कुठेच येत नाहीत.

त्या टोपीची बाहेर द्यावी लागलेली किंमत तर फार मोठी होती. १९३० मध्ये सोलापुरात लष्करी कायदा लागला तेव्हा गांधी टोपी घालणाऱ्यांना त्रास सोसावा लागला. आपल्या पालघरला १४ ऑगस्ट १९४२ रोजी कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. हुतात्मा चौकातून आपण भाजीच्या पिशव्या घेऊन जातो, तेव्हा त्या पाचांना मनात नमस्कार करायला हरकत नाही.

डोक्यावरच्या टोपीसाठी हिंसा

या कथेतले एक पान मात्र आपण जैनांनी विशेष वाचावे असे आहे.

३१ जुलै १९२१ रोजी मुंबईत परळला उमर सोबानी यांच्या मिलच्या आवारात विदेशी कपड्यांची मोठी होळी झाली. गांधीजींचे जिवलग मित्र चार्ल्स अँड्र्यूज यांना अशी होळी पटली नव्हती. ते कपडे गरिबांना का देऊ नयेत, असा प्रश्न तेव्हा अनेकांनी विचारला. आपल्याला जे अपवित्र वाटते ते गरिबाच्या अंगावर घालणे हा त्याचा अपमान आहे, असे गांधीजींचे म्हणणे.

१७ नोव्हेंबरला इंग्लंडचे युवराज मुंबईत उतरले. त्यांच्या स्वागतावर काँग्रेसने बहिष्कार घातला होता. त्या दिवशी शहरात दंगल उसळली. जे स्वागताला गेले होते, त्यांत पारशी, ख्रिस्ती, ज्यू पुष्कळ होते, त्यांच्यावर जमाव धावून गेला. ट्रॅममधून जाणाऱ्या साध्या माणसांच्या डोक्यावरच्या विदेशी टोप्या ओढून घेतल्या गेल्या. हे मी सांगत नाही, स्वतः गांधीजींनी त्याच आठवड्यात अत्यंत खेदाने हे लिहिले. मग उलट बाजूने खादीवाल्यांवर, पांढरी टोपी घातलेल्यांवर हल्ले झाले. चार दिवसांत पन्नासहून अधिक माणसे मेली. गांधीजींनी उपवास धरला आणि शहर शांत झाल्यावर २२ नोव्हेंबरला सोडला.

आपल्या तारापूरला पारशांची जुनी वस्ती आहे, अग्यारी आहे. पिढ्यान्पिढ्या शेजारी राहिलेली ही माणसे. एखाद्या शेजाऱ्याची टोपी वेगळी आहे म्हणून ती ओढावी, ही कल्पनाच आपल्याला सहन होत नाही. पण त्या चार दिवसांत ओढणारे आणि मारणारे लोक काही राक्षस नव्हते. आपलीच बाजू तेवढी खरी, हा आग्रह डोक्यात गेला होता. अनेकान्त आपण पाठशाळेत पाठ करतो. तो कुठे लागू करायचा याचे याहून साधे उदाहरण मला सापडत नाही. अहिंसेच्या नावाने उभ्या राहिलेल्या चळवळीतही टोपीवरून हिंसा झाली, आणि तिच्या नेत्याने ती झाकली नाही, प्रायश्चित्त घेतले.

म्हणून माळ्यावरच्या टोपीकडे पाहून "आजोबा विदेशी टोपी घालायचे" अशी मान खाली घालायची गरज नाही, किंवा "आमची पांढरी होती" असा ताठाही नको. पुष्कळ घरांत एका भावाची काळी आणि दुसऱ्याची पांढरी होती. दोघे एकाच ताटात जेवत.

ससा, बीव्हर आणि पारा

आता ती अडचण. सगळे फेल्ट लोकरीचे नसते. युरोपात चांगली हॅट म्हणजे प्राण्यांच्या मऊ केसांची. आधी बीव्हर नावाचा पाण्याकाठी राहणारा प्राणी. सतराव्या-अठराव्या शतकात त्याच्या केसांच्या हॅटची एवढी हौस झाली की युरोपातले बीव्हर जवळजवळ संपले. मग उत्तर अमेरिकेत शिकार सुरू झाली. १६७० मध्ये स्थापन झालेली हडसन्स बे कंपनी मुख्यतः याच कातड्यांच्या व्यापारावर मोठी झाली. पुढे रेशमी हॅट आली आणि ससे वापरात आले. केसांसाठी प्राणी मारला जाई. लोकरीसारखे कातरून घेणे नाही.

हिंसा तिथेच थांबली नाही. सशाचे केस नीट अडकत नाहीत, म्हणून त्यांना पाऱ्याच्या क्षाराचे पाणी लावत. त्याने केसांना गाजरासारखा केशरी रंग येई, म्हणून त्या क्रियेला नावही गाजरावरूनच पडले. कोंदट कारखान्यात पाऱ्याची वाफ रोज नाकातोंडात जाऊन कारागिरांचे हात थरथरू लागत, स्वभाव चिडका आणि भित्रा होई, बोलणे अडखळे. इंग्रजीत हॅटवाल्याला वेडा म्हणण्याची म्हण आहे. १८६५ च्या 'ॲलिस इन वंडरलँड'मधला वेडा हॅटवाला मुलांना हसवतो, पण खऱ्या हॅटवाल्यांचे दुखणे हसण्याजोगे नव्हते. अमेरिकेत डॅनबरी हे हॅटचे गाव, तिथल्या कंपाला गावाचेच नाव पडले होते. अमेरिकेत हा पारा थांबला तो डिसेंबर १९४१ मध्ये.

आणि लाख. हॅट कडक राहावी म्हणून फेल्टमध्ये लाखेचे पाणी मुरवत. ही लाख बहुतांशी आपल्याच देशातून जायची. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या फांद्यांवर राहणाऱ्या बारीक किड्यांपासून ती मिळते, आणि फांदी खरवडताना किडे मरतात. आपल्या शास्त्रांनी श्रावकाला पंधरा कर्मादाने, म्हणजे पापाचे धंदे, सांगितली आहेत. उपासकदशांगात आनंद श्रावकाच्या व्रतांबरोबर ती येतात. त्यात लाक्षावाणिज्य, म्हणजे लाखेचा व्यापार, आहे. केशवाणिज्य, केसाळ प्राण्यांचा व केसांचा व्यापार, हेही आहे. साहेबाच्या हॅटमध्ये दोन्ही एकत्र बसले होते. हजारो वर्षांपूर्वी ज्यांनी ही यादी केली, त्यांनी हॅट पाहिली नव्हती. व्यापारात हिंसा कुठे लपते ते मात्र पाहिले होते.

मग ती जुनी टोपी ठेवावी का?

हिंसा तीन प्रकारे होते असे आपण म्हणतो: करणे, करविणे आणि अनुमोदणे. जुनी टोपी दुरुस्त केल्याने नवा जीव मारला जात नाही, मारायला लावला जात नाही. राहते अनुमोदना. सशाच्या केसांची हॅट मिरवत "काय मऊ आहे!" म्हटले तर ती अनुमोदना होते, असे मला वाटते. म्हणून माझे मत असे. लोकरीची टोपी निःशंक जपावी, तिची चामड्याची पट्टी मात्र काढावी. केसांची हॅट घालू नये आणि नवी तर विकत घेऊच नये. मनात शंका असेल तर चातुर्मासात गुरुभगवंतांना किंवा महासतीजींना विचारावे.

ओळखायचे कसे? लोकरीचे फेल्ट थोडे जाड, खरखरीत, निस्तेज. केसांचे फेल्ट पातळ, हलके, मखमलीसारखे गुळगुळीत. आतल्या लेबलवर 'फर फेल्ट' लिहिलेले असते तेव्हा प्रश्नच नाही. अशी हॅट फार जुनी असेल तर तिला वाफ देऊ नका, घासू नका, मुलांना खेळायला देऊ नका. तिच्यात पारा शिल्लक असू शकतो आणि उष्णतेने तो हवेत येतो. स्वयंपाकघरात तर ती आणूच नका. नक्की ओळखता येत नसेल तरी हाच नियम.

जयणेने दुरुस्ती

पुढचे सगळे लोकरीच्या टोपीसाठी आहे. वेळ निवडा माघ-फाल्गुनातली, हवा कोरडी असते. समुद्रकाठच्या आपल्या दमट हवेत पावसाळ्यात हे काम काढू नका. टोपी वाळत नाही, तिच्यावर बुरशी धरते, आणि ती अनंतकाय.

पहिले काम पडिलेहण. पांढरा कपडा पसरा, भरपूर उजेडात टोपी उलटसुलट पाहा. पट्टीच्या आत, शिवणीत, घडीत. कसरीचे उडणारे पाखरू लोकर खात नाही, त्याची अळी खाते. घाम आणि तेल लागलेल्या जागी ती जास्त असते. अळी दिसली तर वाफ, ऊन, पावडर, डांबराच्या गोळ्या काहीही नको. पुंजणीने अलगद लोकरीच्या एखाद्या निरुपयोगी तुकड्यावर उतरवा आणि तो तुकडा सावलीत, पाय पडणार नाही अशा जागी ठेवा. आठवडाभर थांबा, पुन्हा पाहा. टोपी भरूनच गेली असेल तर ती आता त्यांचे घर आहे असे समजून सोडून द्या. एका टोपीसाठी एवढे पाप बांधायचे नाही.

धूळ. ब्रश घेताना कशाचा आहे ते विचारा. कपड्यांचे मऊ ब्रश डुकराच्या किंवा घोड्याच्या केसांचे असतात. तान्ह्या बाळाचा मऊ नायलॉनचा ब्रश चालतो. लव ज्या दिशेने बसली आहे त्याच दिशेने फिरवा.

तेलकट डाग. मुलतानी माती वस्त्रगाळ करून अगदी चिमूटभर डागावर लावा आणि रात्रभर ठेवून सकाळी झटका. लोकरीतले तेल काढायला जगभर पूर्वीपासून अशीच माती वापरत आले आहेत. काळ्या टोपीवर पांढरट छटा राहू शकते, म्हणून आधी आतल्या बाजूला करून पाहा. घामाच्या मिठाची पांढरी रेघ असेल तर गाळलेल्या पाण्यात सुती फडके भिजवून घट्ट पिळा आणि सगळ्या टोपीवरून हलके फिरवा. एकाच जागी ओले केले तर कड दिसते.

पट्टी. आत कपाळाला लागणारी पट्टी बहुधा चामड्याची असते. बारीक कात्रीने एकेक टाका कापून ती काढा, फेल्ट ओढू नका. जुनी भोके दिसतील, त्याच भोकांतून नवी सुती पट्टी शिवा. साधारण अडीच-तीन सेंटिमीटर रुंद, आधी धुऊन आटवलेली. टोपी सैल होत असेल तर पट्टीच्या मागे जुन्या मऊ सुती साडीची घडी घाला. आजोबांची टोपी नातवाला एवढ्यानेच बसते.

माप आणि आकार. घट्ट होत असेल किंवा चेपली असेल तर वाफ. उघड्या पातेल्यात गाळलेले पाणी उकळा, टोपी वाफेपासून वीतभर वर धरा, दहा-पंधरा सेकंद, मग हाताने आकार द्या. हात वाफेत जाऊ देऊ नका. पुन्हा थोडी वाफ, पुन्हा आकार. घाईने ओढले तर फाटते. गोल टोपी योग्य मापाच्या स्टीलच्या डब्याला फडके गुंडाळून त्यावर बसवा. होडीच्या आकाराची असेल तर आत टॉवेलची घट्ट घडी भरा. सावलीत पूर्ण एक दिवस वाळू द्या. वाढ थोडीच मिळते, दोन मापे वाढवायचा हट्ट नको.

कडकपणा. जुन्या टोपीत लाख असेल तर ती वाफेने मऊ होते आणि थंड झाली की आकार धरते. म्हणून नवी लाख लावायची गरज पडत नाही. फारच लुळी असेल तर टेलरकडून सुती बकरम आणा आणि अस्तराच्या आत बसवा. जिलेटिन तर नकोच. खळही देऊ नका, दमट हवेत तिच्यावर किडे आणि बुरशी येतात.

काठ. परदेशी लोकरीच्या हॅटचा रुंद काठ नको असेल तर आतून खडूने रेघ आखून धारदार कात्रीने कापता येतो. फेल्टचे धागे सुटत नाहीत, हे वर सांगितलेच. उरलेल्या तुकड्यांची खुर्चीच्या पायाखाली घालायची गोल चकती करा, फरशीवर ओरखडे पडत नाहीत.

रंग. उन्हाने काळा रंग तपकिरी झाला असेल तर राहू द्या. बुटाचे पॉलिश किंवा केसांचा रंग लावू नका, तो घामाबरोबर कपाळावर उतरतो.

ठेवण. पुठ्ठ्याच्या डब्यात, स्वच्छ सुती कापडात, आत मऊ कागद भरून. दर पक्खीनंतरच्या दिवशी एकदा काढून पाहायची, झटकायची, हवेशीर जागी तासभर ठेवायची. आपल्या साधू-साध्वी रोज दोनदा वस्त्रांचे पडिलेहण करतात. आपल्याला पंधरा दिवसांतून एकदा जमायला हरकत नाही. अंडी घातली जाण्याआधीच स्वच्छता ठेवली, की मारण्याची वेळच येत नाही.

हे सगळे करायला एक दुपार आणि वाळायचा एक दिवस लागतो, खर्च पट्टीचा आणि बकरमचा. त्यात एक टोपी आणखी तीस-चाळीस वर्षे सहज राहते. ती राहावी असे वाटणे हा परिग्रह नव्हे का, असे कोणी विचारेल. टोपी चारचौघांत दाखवून मान मिळवायचा असेल, तर होय, परिग्रहच. पण ती पाहून घरातल्या मुलाला हंगेरीची फेल्ट, बापूंची खादी, १९२१ चे ते चार दिवस आणि लाखेचा किडा हे सगळे सांगता आले, तर ती ज्ञानाचे उपकरण झाली.

डब्यात टोपीबरोबर एक चिठ्ठी जरूर ठेवा. टोपी कोणाची, साधारण कोणत्या सालची, कोणत्या गावाहून आली, हे लिहा. टोपी घालणाऱ्याचे नाव आपण लिहितोच. तिच्यावरून रोज कपडा फिरवणारी, खुंटीवरून काढून त्यांच्या हातात देणारी कोण होती, तिचेही नाव त्याच चिठ्ठीत, तेवढ्याच मोठ्या अक्षरात लिहा.

जय जिनेंद्र.